उलटा म्हणजे नेमका कसा बे?

सोलापुरात मे महिन्यात दुपारी एक ते चार माणूस घराबाहेर पडत नाही. पंख्याखाली उताणा पडतो आणि छताकडे बघत बसतो. 'उलट्या फोटोंचं चॅलेंज', म्हणजे उलटे फोटो पाठवायची स्पर्धा, ही कल्पना कुठल्याही फोटोवाल्यांच्या टोळक्यात याच वेळेला जन्म घेत असणार, अशी माझी पक्की समजूत आहे. त्या अंगानं बघितलं की जग तसं दिसतंच. ऊन उतरणीला लागलं की नियम तयार होतात. ते तीनच असतात: फोटो उलटा असावा, एडिटिंग चालणार नाही, फोटो स्वतः काढलेला असावा.

तिसऱ्या नियमावर आजवर कुणी भांडलेलं नाही. पहिल्या दोघांनी मात्र माणसं तोडली आहेत.

पहिला प्रश्न पाच मिनिटांत येतो. "उलटा म्हणजे नेमका कसा बे?" त्यावर आयोजकाचं उत्तर ठरलेलं: "उलटा म्हणजे उलटा की." इथून पुढं जे होतं त्याचा दोष मी आयोजकाला देत नाही, शब्दाला देतो. सदरा उलटा घातला म्हणजे शिवण बाहेर. दारातली चप्पल उलटी पडली म्हणजे तळ वर, आणि घरात भांडण. आरशातली अक्षरं उलटी म्हणजे डाव्याचं उजवं. गाडी उलटी घेतली म्हणजे मागं घेतली, आणि उलटली म्हणजे चाकं आभाळाकडं. एक शब्द, चार कामं. वास्तविक भाषेत वेगवेगळे शब्द पडून आहेत. भांडं पालथं असतं, माणूस उताणा असतो, भाकरी उलथतात, आणि आणखी काही विचित्र झालं तर ते उफराटं. नियम लिहिताना नेमके हेच विसरतात.

सगळ्यात सरळ अर्थ घेऊन लोक फोन उलटा धरतात आणि फोटो काढतात. मग गॅलरी उघडून बघतात तर फोटो सरळ! फोन पुन्हा उलटा, पुन्हा फोटो, पुन्हा सरळ. चारदा झालं की फोन बिघडला असं ठरतं. बिघडलेलं काही नसतं. फोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर नावाचा बारीक सेन्सर असतो, जमीन कुठल्या बाजूला आहे ते त्याला कळतं. फोटो काढताना फोन फाइलमध्ये एक खूण लिहून ठेवतो आणि गॅलरी ती वाचून चित्र फिरवून दाखवते. तुम्ही उलटं केलेलं त्यानं सुलटं केलं, एवढंच. पडदा फिरू नये म्हणून असलेलं रोटेशन लॉकचं बटण दाबूनही बहुतेक फोनांत यात फरक पडत नाही. ते पडद्यापुरतं आहे, फोटोपुरतं नाही.

या सेन्सरला फसवायची एक जागा आहे. फोन जमिनीला समांतर धरून सरळ खाली बघत फोटो काढला, तर वर-खाली कुठलं हे त्याला ठरवता येत नाही, आणि तो आधी ज्या दिशेत होता तीच धरून बसतो. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि कांदा मांडून वरून काढलेला फोटो आडवा का आला म्हणून जे चिडतात, त्यांचं कारण हे. चॅलेंजवाल्यांनी याचा फायदा घ्यावा: आधी फोन उभ्यानं उलटा धरायचा, पडद्यावरची चिन्हं फिरली की तसाच हळूहळू ताटावर आडवा करायचा, आडव्यातच अर्धा फेरा फिरवायचा आणि बटण दाबायचं. फोटो उलटा येतो, एडिटिंगचं पाप लागत नाही. फक्त ताट गोल आणि भाकरीही गोल, त्यामुळं ते उलटं आहे हे परीक्षकाला सांगावं लागतं.

ती खूण काय असते तेही सांगून टाकतो, कारण निम्मी भांडणं तिथं आहेत. फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते: तारीख, वेळ, शटर, आणि दिशा. दिशेसाठी १ ते ८ आकडे आहेत. १ म्हणजे सरळ. ३ म्हणजे पूर्ण १८० अंशांत फिरलेला. ६ आणि ८ म्हणजे कुशीवर. उरलेले २, ४, ५, ७ हे आरशातले प्रकार, त्यातला ४ म्हणजे वरचं खाली झालं पण डावं डावीकडंच राहिलं. यंत्रानं दिशेला आठ वेगळे आकडे ठेवले, आणि माणसांनी नियमात एकच 'उलटा' लिहिला!

आता गंमत अशी, की काही जुने प्रोग्रॅम ही खूण वाचतच नाहीत. स्पर्धकाच्या फोनवर सरळ दिसणारा फोटो परीक्षकाच्या जुन्या कॉम्प्युटरवर उलटा उघडतो, परीक्षक खूश होतो, बक्षीस देतो. ज्यानं खरोखर मेहनत करून उलटा फोटो पाठवला त्याचा तिथं सरळ दिसतो आणि तो बाद. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि एक्झिफ गळून पडते. मूळ फाइल पोचवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी लागते. हे सांगितलं की "डॉक्युमेंट कशाला, फोटोच आहे की" असं उत्तर येतं. मोठे कॅमेरेवाले तर वेगळ्याच दुःखात असतात: अनेक डीएसएलआरना कुशीवर धरलेलं कळतं, डोक्यावर धरलेलं कळत नाही. त्यांचा फोटो आपोआप उलटा येतो, आणि फोनवाले त्यांच्याकडं संशयानं बघतात.

मग दुसरा नियम. फोटो गॅलरीत फिरवणं हे एडिटिंग धरायचं का? माझ्या मते नाही. चित्राचा एक ठिपकाही बदलत नाही, बऱ्याचदा फक्त ३ चा १ होतो. पण 'रोटेट' (फिरवणं) आणि 'फ्लिप' (आरशासारखं पलटणं) ही बटणं शेजारी शेजारी असतात आणि घाईत दुसरंच दाबलं जातं. ओळखायचं कसं? एसटीची पाटी फोटोत घ्या. रोटेट केलेला असेल तर फोन हातात फिरवून धरल्यावर 'तुळजापूर' नीट वाचता येतं. वरून खाली फ्लिप केलेला असेल तर फोन कसाही फिरवा, वाचायला आरसाच लागतो. पाटी नसेल तर मनगटावरचं घड्याळ, सदऱ्याच्या गुंड्या, गाडीचं स्टिअरिंग बघा. डावीकडं स्टिअरिंग असलेली सोलापुरी रिक्षा नसते (रिक्षाचं हँडल मधे असतं, म्हणून तिचा इथं उपयोगही नाही).

हा फरक सगळ्यात जास्त नडतो तो पाण्यातल्या प्रतिबिंबात. सोलापुरात उलटा फोटो म्हटलं की निम्मं गाव सिद्धेश्वर तळ्यावर जातं, कारण देऊळ पाण्यात आहे आणि पाण्यात पुन्हा देऊळ आहे. सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत जायचं. पाणी हललं की कळस लांब ओघळल्यासारखा दिसतो. प्रतिबिंब खऱ्यापेक्षा काळपट असतं, तेव्हा उजेडाची मोजणी पडद्यावरच्या पाण्यावर बोट ठेवून करायची. पोलरायझर फिल्टर लावला असेल तर काढून ठेवा. पाण्याकडं तिरकं बघताना तो ठराविक फिरवणीत चकाकी खातो आणि सोबत प्रतिबिंबही खातो. आता हा फोटो १८० अंशांत फिरवला तर पाण्यातलं देऊळ ताठ उभं राहतं, पण त्याची डावी बाजू उजवीकडं जाते. फ्लिप केला तर डावं-उजवं बरोबर राहतं. रोज दर्शनाला जाणारी आजी रोटेट केलेला फोटो बघून म्हणते, "हे आपलं देऊळ न्हवं." तिचं अगदी बरोबर असतं. परीक्षकाला मात्र ते कळलेलं नसतं.

तळ्यापर्यंत न जाणाऱ्यांसाठी डबकं. सोलापुरात पावसाच्या भरवशावर डबकं शोधणं म्हणजे अवघडच, ते करावं लागतं. काळसर शहाबादी फरशीवर दोन-तीन तांबे पाणी पसरलं की पुरतं. खोली लागत नाही, दोन-तीन मिलिमीटरचा सपाट थर बास. फरशी जितकी काळी तितकं प्रतिबिंब ठळक. फोन उलटा धरायचा, कारण भिंग फोनच्या वरच्या टोकाला असतं आणि उलटा केल्यावर ते पाण्यापासून बोटभर अंतरावर येतं. एवढं खाली गेलं की वीतभर पाण्यात अख्खी इमारत मावते. फोन उलटा धरायचं खरंखुरं, उपयोगाचं कारण जगात हे एकच आहे, आणि त्यातून निघालेला फोटो सेन्सरच्या कृपेनं सरळ येतो म्हणून चॅलेंजमध्ये बाद होतो. नळाला रोज पाणी येत नसताना अंगणात पाणी ओतल्याबद्दल घरात काय बाद होतं ते वेगळं.

काचेवाले त्याहून हुशार. पाण्यानं भरलेल्या सरळ काचेच्या ग्लासामागं पाटी धरली की अक्षरं उलटतात, पण फक्त डावी-उजवी. वर-खाली जागच्या जागी राहतं, कारण ग्लास आडवा गोल आहे, उभा सरळ. तेही पाटी ग्लासाला चिकटवून धरली तर होत नाही. सात सेंटिमीटर रुंदीचा ग्लास असेल तर मागं साडेतीन सेंटिमीटरच्या पलीकडं न्यावी लागते. भरीव काचेचा गोळा मात्र दोन्हीकडून उलटं करतो. पण मग गोळ्यात जग उलटं, मागं जग सुलटं. फोटो फिरवला तर गोळ्यातलं सुलटं, मागचं उलटं, आणि खालून धरलेला हात छतातून लोंबतोय. यातला उलटा कुठला यावर दोन दिवस सहज जातात. एक धोक्याची सूचना: ८० मिलिमीटरचा गोळा ऊन साधारण त्याच्या पाठीमागं दोन सेंटिमीटरवर एकवटतो. आपल्याकडच्या उन्हात तो चादरीवर ठेवून चहाला जाऊ नये.

माणसं उलटी करणाऱ्यांबद्दल थोडक्यात. शीर्षासन खरं की फोटो फिरवलेला, हे केस सांगतात. ओढणी, जानवं, गळ्यातली साखळी, खिशातली पेन्सिल हे साक्षीदार कधी फुटत नाहीत. हातात चहाचा कप असेल तर प्रश्नच मिटला. आणि उलट्या चेहऱ्यावरचे भाव वाचायला जाऊ नका. १९८० मध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या फोटोत फक्त डोळे आणि तोंड उलटं करून दाखवलं होतं. अख्खा फोटो उलटा धरला तर ते कुणाच्या लक्षात येत नाही, सरळ केला की दचकायला होतं. म्हणून उलट्या फोटोत सगळेच काका हसरे वाटतात.

माझी स्वतःची पसंती आप्पेपात्राला. खिडकीतला उजेड वरच्या कडेनं येईल असं ते ओट्यावर ठेवायचं, वरून फोटो काढायचा आणि फिरवायचा. खळग्यांच्या जागी टेंगळं दिसू लागतात. उजेड नेहमी वरूनच येणार असं आपला मेंदू धरून चालतो, म्हणून सावली खालच्या कडेला गेली की खोलगट ते फुगीर. भुईकोट किल्ल्याच्या दगडांवरही हे जमतं, पण उजेड तिरका हवा, सकाळी आठच्या आत. वस्तू तीच, जागा तीच, आणि उलटं झालं ते बघणाऱ्याच्या डोक्यात. यालाही काहीजण "आप्पेपात्र सरळच आहे की" म्हणतात.

सोलापुरी चादरीचा फोटो पाठवणाऱ्यांना मी हात जोडतो. नक्षी दोन्ही टोकांकडून बऱ्याचदा सारखीच, म्हणून फिरवून उपयोग नाही. आणि पालथी केली तर लाल जमिनीवरची पांढरी नक्षी पांढऱ्या जमिनीवर लाल होते. म्हणजे ती उलटी आहे, पण कुठलीही बाजू सुलटी नाही.

एवढ्यातून निवडून आलेले फोटो छापून फ्रेमवाल्याकडं जातात. फ्रेमवाल्याचा धंदा फोटो सरळ लावण्याचा. उलटा दिसला की तो सुधारतो आणि हूक दुसऱ्या बाजूला ठोकतो. म्हणून फोटोच्या पाठीवर बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहायची पद्धत आहे. पाठ बघून, बाणाचं टोक आपल्यापासून लांब ठेवून, वहीचं पान उलटावं तसा फोटो बाजूनं फिरवला तर वरची कड वरच राहते. फ्रेमवाला तो भाकरीसारखा उलथतो.