२३ टक्क्यांचा हिशेब आणि आत्याच्या गाद्या

गेल्या रविवारी आत्याकडे गेले, तर गच्चीवर चार गाद्यांचा कापूस उघडा पडलेला. खोळी उसवून, धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या. कापसाच्या गुठळ्यांवर जुनी चादर टाकून तिच्या चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या होत्या. दरवर्षी दिवाळीआधी आमचे पिंजारीमामा कापूस घेऊन जातात, मशीनवर पिंजून आणतात आणि इथेच गच्चीवर बसून टाके घालतात. त्यांच्याआधी त्यांचे वडील खांद्यावर धनुकली घेऊन यायचे. यंदा आत्याने खोळी उसवल्या आणि त्याच रात्री तिच्या मोबाइलवर तो मेसेज आला. सकाळी तिने मामांना फोन करून सांगितलं, "यंदा राहू द्या." कारण विचारलं त्यांनी, तर म्हणाली, बरं नाही.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. वर "जागे व्हा सोलापूरकर", खाली हात जोडलेली चित्रं. मजकूर थोडक्यात असा: पाकिस्तानात १९४७ ला २३ टक्के हिंदू होते, आज ३.७ टक्के उरलेत, बाकीचे सगळे मारले. नेहरूंनी पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अलींशी करार करून फक्त भारताचे हात बांधून घेतले. तिकडे एकानेही याविरुद्ध तोंड उघडलं नाही. १९४८ ला रझाकारांनी (हैदराबादच्या निजामाच्या हत्यारबंद पाठीराख्यांनी) काय केलं ते सोलापूर विसरलं. म्हणून आता जशास तसं, "त्यांच्या"कडून, म्हणजे मुसलमानांकडून, काही घेऊ नका, त्यांना काही काम देऊ नका.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला हा मेसेज पाठवणारा आमच्याच घरातला आहे. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी तो २३ चा आकडा. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. एका वर्षी दोन कारखान्यांची शिल्लक धरली, पुढच्या वर्षी एकाच कारखान्याची, आणि मग "माल कुठे गेला?" म्हणून ओरडले, तर मालक मला दारात उभं करणार नाही. इथे नेमकं तेच केलंय. १९५१ च्या जनगणनेत पूर्व पाकिस्तानात बिगरमुस्लिम २३.२ टक्के होते, पश्चिम पाकिस्तानात ३.४४ टक्के आणि दोन्ही मिळून १४.२ टक्के. पूर्व पाकिस्तान १९७१ ला बांगलादेश झाला. ३.७ टक्के हा आकडा १९९८ च्या जनगणनेतला आणि तो उरलेल्या पाकिस्तानचा, म्हणजे जुन्या पश्चिम पाकिस्तानचा. पहिला आकडा ढाक्याकडचा, दुसरा लाहोर-कराचीकडचा. त्यात २३ टक्के "हिंदू" नव्हेत, त्यात ख्रिस्ती, बौद्ध सगळे आले. हाच आकडा २०१९ ला लोकसभेतही बोलला गेला, ते मला माहीत आहे. संसदेत बोलला म्हणून त्याचा पाया बदलत नाही.

मग पश्चिम पाकिस्तानात १९५१ लाच इतके कमी कसे? कारण तो भाग त्याआधीच रिकामा झाला होता. फाळणीत सुमारे ७२-७३ लाख लोक तिकडून इकडे आले आणि जवळपास तितकेच इकडून तिकडे गेले. दोन्हीकडे मारले गेले ते लाखांत, त्याबद्दल वाद नाही. पण "बाकीचे सगळे मारले" म्हणणाऱ्याने एकदा कल्याणला उतरून उल्हासनगरात जाऊन यावं. ते कुणी वसवलं? आणि तसाच पूर्व पंजाबही मालेरकोटल्यासारखे अपवाद सोडले तर मुसलमानांपासून रिकामा झाला होता. ती टक्केवारी मेसेजमध्ये नाही.

आता मनाविरुद्ध का होईना, एक कबूल करते. बांगलादेशचा आकडा खरंच घसरलाय. १९५१ ला हिंदू २२ टक्के होते, १९७४ ला साडेतेरा, २०२२ ला आठच्याही आत. हे लोक हवेत विरले नाहीत. बरेचसे घरदार सोडून सीमेपलीकडे आले, आणि त्यांनी ते का सोडलं हे मेसेजवाल्याने खरं तर वाचायला हवं होतं. १९५० च्या फेब्रुवारीत ढाका, बारिसाल भागात हत्याकांडं झाली. नंतर १९६५ चं युद्ध आलं. लढाई पश्चिमेला, पण कायदा झाला तो शत्रू मालमत्तेचा. घरातला एक भाऊ कलकत्त्याला गेला असेल तर इथल्या भावाची जमीन "शत्रूची" ठरवून ताब्यात घेता यायची. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावरही तो कायदा नाव बदलून चालू राहिला. जमिनी परत करण्याचा कायदा व्हायला २००१ उजाडलं. दोन सरकारांचा एकमेकांवर विश्वास नाही, आणि जमीन जाते ती बारिसालच्या एखाद्या शेतकऱ्याची, ज्याने बंदूक कधी हातात धरली नाही. आपणही १९६८ ला तसाच कायदा केला, बरं का. महमूदाबादचे राजे भारतीय नागरिक होते. वडिलांनी पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलं म्हणून त्यांची मिळकत शत्रूची ठरली. २००५ ला सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. २०१७ ला कायदाच बदलला.

पाकिस्तानात उरलेल्यांचं बरं चाललंय असंही मी म्हणत नाही. १९७४ ला अहमदिया पंथाच्या लोकांना घटनादुरुस्ती करून मुसलमानच नाही ठरवलं. (देशाचा पहिला परराष्ट्रमंत्री अहमदिया होता, झफरुल्ला खान.) ईशनिंदेला फाशी ठेवलेली आहे. आसिया बीबी ही ख्रिस्ती शेतमजूर बाई, विहिरीच्या पाण्यावरून भांडण झालं, २०१० ला फाशीची शिक्षा झाली आणि सुटायला २०१८ उजाडलं. टक्का ३.४४ चा ३.७२ झाला याचा अर्थ माणसं सुखात आहेत असा होत नाही. छळ खराच आहे. म्हणूनच तो सांगायला खोटा आकडा लागू नये.

"एकानेही तोंड उघडलं नाही." या एका ओळीचा राग सगळ्यात जास्त आला. त्याच आसिया बीबीची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ ला त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. दोन महिन्यांत मंत्री शाहबाज भट्टी गेले. बोलणारे मेले, आणि आपण इथे सोफ्यावर बसून म्हणायचं की कुणी बोललंच नाही.

नेहरू-लियाकत कराराचं लवकर उरकते, कारण मेसेज लिहिणाऱ्याने तो पाहिलेलाच नाही. ८ एप्रिल १९५० ला दिल्लीत सह्या झाल्या. अटी दोन्ही सरकारांना सारख्याच: समान नागरिकत्व, पळवलेल्या बायकांचा शोध, दंगलीच्या काळातलं धर्मांतर सक्तीचंच धरायचं, त्या वर्षअखेरपर्यंत परतणाऱ्यांना त्यांचं घर-जमीन परत. करार फसला का? पूर्वेकडे बराचसा फसला. त्याला विरोध म्हणून श्यामाप्रसाद मुखर्जी आणि क्षितिशचंद्र नियोगी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल हे दलित नेते, तेच ऑक्टोबरात राजीनामा देऊन भारतात आले. त्यांचं राजीनामापत्र म्हणजे तिथल्या अत्याचारांची यादीच आहे. (हेही तोंड उघडणंच होतं.) पण करारातलं एक वाक्य आत्याला मी दोनदा वाचून दाखवलं. त्याचा मतितार्थ असा: अल्पसंख्याकांची निष्ठा ते ज्या देशाचे नागरिक आहेत त्या देशाशी, आणि गाऱ्हाणंही त्यांनी आपल्याच सरकारकडे मांडायचं. म्हणजे आमच्या पिंजारीमामांनी कराचीच्या वतीने जाब द्यायचा नाही, हे १९५० लाच दोघांनी लिहून दिलंय.

आता रझाकार. इथे मेसेजवाल्याने चुकीच्या घरात पाऊल टाकलं, कारण ही गोष्ट आमच्या घरातली आहे. आमची आजी नळदुर्गाकडची. सोलापूर भारतातल्या मुंबई इलाख्यात आणि पन्नासेक किलोमीटरवरचं नळदुर्ग निजामाच्या राज्यात. रझाकारांनी गावातल्या कडब्याच्या गंजी पेटवल्या त्या रात्री आजी बैलगाडीतून निघाली. गाडीत दोन गाद्या, एक पितळी हंडा आणि गोधडीत गुंडाळलेली वर्षाची आत्या. अशी किती तरी कुटुंबं तेव्हा सोलापुरात आली. तेव्हा सोलापूर विसरलं वगैरे आम्हाला सांगू नये. आणि रझाकारांनी फक्त हिंदूच मारले असंही नाही. भारतात सामील व्हा असं लिहिणारा हैदराबादचा संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनीच मारला.

तिथेही मुळाशी दोन राज्यांचा अविश्वासच होता. नोव्हेंबर १९४७ ला निजामाने भारताशी जैसे थे करार केला, आणि पाकिस्तानला वीस कोटींचं कर्जही देऊ केलं. ऑगस्ट १९४८ मध्ये तो सुरक्षा परिषदेत गेला. १३ सप्टेंबरला जनरल चौधरींचं सैन्य सोलापूरहून नळदुर्गाकडे निघालं आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. (त्याच दिवसांत लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर गेलेल्या निजामाच्या दहा लाख पौंडांचा निकाल मात्र २०१९ ला लागला. पैशाला वेळ लागतो.)

इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुढची नाही. या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, काय झालं ते बघायला सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. ती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली. तिचा अहवाल कित्येक दशकं फडताळात पडून होता. त्यात म्हटलंय की कारवाईच्या काळात आणि नंतर, कमीत कमी धरलं तरी, २७ ते ४० हजार माणसं मेली. त्यांत बहुतेक मुसलमान होते. सगळ्यात वाईट चार जिल्हे सांगितलेत, त्यांत आपल्या शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, आहे. आणि सैन्याच्या मागोमाग सीमा ओलांडून आलेल्या हत्यारबंद टोळ्यांबद्दल लिहिताना अहवालाने एका शहराचं नाव घेतलंय. सोलापूर.

सरदार पटेलांनी हा अहवाल मानला नाही, हेही सांगते. आकडे अंदाजाचेच आहेत, अर्धे धरा हवं तर. पण "जशास तसं" म्हणजे काय ते बघायला पाकिस्तानात जायची गरज नाही. ते एकदा करून झालंय, सोलापूरहून जाऊन, आणि ज्यांच्यावर झालं त्यांतले कितीतरी रझाकार नव्हते. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी स्वतः १९५७ ला सुटून पाकिस्तानात गेला, तिथेच मेला. हिशेब चुकता झाला तो दुसऱ्यांकडून.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. ती वाचताना मी कारखान्यात होते आणि समोर माग चालू होते. समितीला ठिकठिकाणी असं दिसलं की हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचवलं, प्रसंगी स्वतःचा जीव देऊन. एकाच धंद्यातली माणसं म्हणून. इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा (त्यांत एक मुसलमान) दाखला मी देणार नाही, तो दर भाषणात येतो आणि लोक टाळ्या वाजवून घरी जातात. पण हे विणकर कुणाच्या भाषणात येत नाहीत. त्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोलीस ॲक्शन झाल्यावर आई एकदा गावाला गेली होती, राहिलेलं धान्य आणायला. दुसऱ्याच दिवशी रिकामी गाडी घेऊन आली. परत कधी गावाचं नाव काढलं नाही तिनं. आम्हाला वाटायचं, रझाकारांमुळं असंल."

"तू विचारलं नाहीस?"

"विचारलं की. म्हणाली, आळीत कुणी नव्हतं."

ज्याने मेसेज पाठवला त्याला मी यातले आकडे पाठवले. त्याचं उत्तर आलं, "तू त्यांची बाजू का घेतेस?" २३ आणि ३.४४ बद्दल अवाक्षर नाही. आता हे सगळंच त्याला पाठवते.

वारा सुटला होता, चादरीखालून कापूस उडायला लागला होता. मामांना फोन आत्याने करायचा की मी, यावर थोडी वादावादी झाली. तिला लाज वाटत होती, बरं नाही असं सांगून बसली होती ना. शेवटी मी लावला. मामा म्हणाले, मशीनचा पट्टा तुटलाय, बुधवारी येतो, आणि यंदा किलोमागे मजुरी वाढलीय.

आत्याने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "किती वाढली म्हणता? अहो, गेल्या साली तर…"