जांभ्याच्या भिंतीला सिमेंट आणि प्लास्टिक पेंट नको

परवा एका मैत्रिणीने तिच्या गावच्या घराचे फोटो पाठवले. जांभ्याचं, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाचं घर, चुन्याचा जुना गिलावा, पुढे पडवी. खाली प्रश्न होता: ‘बाहेरून सिमेंटचा गिलावा करून वर वॉटरप्रूफ रंग लावतोय, शेड कुठली घेऊ?’ शेड राहिली बाजूला, मी तिला लगेच फोन लावला आणि आधी गवंड्याला थांबव म्हटलं. फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. पावसाच्या तोंडावर कोकणात असली कामं घरोघरी निघतात.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. घर आजोबांनी बांधलेलं. भिंती जांभ्याच्या, दरजा (दगडांमधले सांधे) मातीच्या, वर चुना. २०१५ साली आम्ही भावंडांनी वर्गणी काढून घर एकदाचं पक्कं करायचं ठरवलं. ठेकेदार म्हणाला, चुना म्हणजे दरवर्षीची कटकट, सिमेंटचा गिलावा करून प्लास्टिक पेंट मारू, दहा वर्षं बघायला नको. आम्हाला पटलं. बदामी रंग लागला. त्या वर्षी गणपतीला आलेल्या प्रत्येकाने घराचं कौतुक केलं.

दुसऱ्या पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीवर फोड आले. बोटाने दाबलं की आतून पाणी यायचं. फोड फुटला की रंगाचा पापुद्रा सोलून निघायचा आणि मागे मिठासारखा पांढरा खार दिसायचा. आम्ही तो खरवडला, पुट्टी भरली, परत रंग लावला. तिसऱ्या वर्षी मागच्या भिंतीचा ताटाएवढा पोपडा खाली आला. मी तो हातात घेऊन उलटा केला. एका बाजूला करडं सिमेंट, आणि पाठीला चिकटून आलेली जांभ्याची साल. तांबडी भुकटी बोटांना लागली. सत्तर वर्षं पाऊस खाऊन ज्या दगडाला काही झालं नव्हतं, तो आमच्या हौसेपायी तीन वर्षांत झिजायला लागला होता. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

गावात एक म्हातारे गवंडी आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांना बोलावलं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “बाय, भितीला घाम येतो. तो निगायला वाट ठेवायला पायजे. तुमी वाटच बुजवलीत.”

एवढ्या वाक्यात सगळं आलं. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं भिंतीत चढतं. जांभा सच्छिद्र, माती सच्छिद्र, चुनाही सच्छिद्र, त्यामुळे जेवढं पाणी चढतं तेवढं उन्हा-वाऱ्याने उडूनही जातं. सिमेंटचा गिलावा घट्ट आणि कडक असतो. त्यावर प्लास्टिक पेंट म्हणजे भिंतीला रेनकोट घालून आत पाणी सोडायचं. पाणी आत अडकतं, त्यातले क्षार गिलाव्यामागे साठून त्यांचे खडे होतात, आणि ते खडे फुगून गिलावा ढकलतात. गिलावा सुटताना मऊ दगडाची साल घेऊन जातो. यात सिमेंट वाईट असं नाही. आरसीसीच्या इमारतीत ते हवंच. पण त्याचा आणि मातीच्या दरजांचा संसार होत नाही.

आम्ही दोन उन्हाळे काढून ते सगळं सिमेंट छिन्नीने उतरवलं. फार हळू काम आहे, जोरात ठोकलं तर जांभा फुटतो. त्यानंतर एक अख्खा उन्हाळा भिंती उघड्या ठेवून वाळू दिल्या. लोक विचारायचे, घर पाडताय का? मग एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असा माल करून आबांच्या देखरेखीखाली दरजा भरल्या. ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. पण त्यावरचा चुना घरच्या माणसांनी लावायचा, आणि मला आग्रहाने सांगायचंय ते हेच. तो आपल्याला जमतो.

आता चुन्याबद्दल. बाजारात मैदान आखायला मिळते ती फक्की घेऊ नका, कळीचा चुना आणा. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजले की कळी होते. ती पाण्यात पडली की विरताना जबरदस्त तापते, पाणी अक्षरशः उकळतं. म्हणून लोखंडी पिंप घ्या. प्लास्टिकची बादली वितळेल, आणि ॲल्युमिनियमचं पातेलं तर चुना खातो. आधी पिंपात पाणी, मग थोडी थोडी कळी, उलटं कधीच नाही. किलोला साधारण पाच लिटर पाणी. मुलांना त्या वेळी अंगणाच्या पलीकडे बसवायचं. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि याबाबतीत कुणाचंही ‘काही होत नाही’ ऐकायचं नाही. चुना डोळ्यात गेला तर बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुवत राहायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

रात्रभर चुना तसाच ठेवून सकाळी जाड कापडातून गाळायचा. गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घालायचा, म्हणजे हाताला पांढरं लागत नाही. बुरशी धरणाऱ्या भिंतीसाठी किंचित मोरचूद (कॉपर सल्फेट). पांढरा खुलायला नीळ. काहीजण मीठ घालतात. मी घालत नाही, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवडी. दोन्ही मातीचे रंग आहेत, चुन्याला पचतात. गोव्यातल्या आणि दक्षिण कोकणातल्या जुन्या देवळांत काव कलेची तांबडी-पांढरी नक्षी बघितली असेल, ती चुना आणि तांबड्या मातीचीच.

चुना लावताना एक गोष्ट नवख्या माणसाला हमखास फसवते. चुना दुधाइतका पातळ ठेवायचा असतो. भिंत आधी पाण्याने ओली करायची आणि कुंचा मारायचा. मारल्यावर काहीच दिसत नाही! भिंत नुसती ओली वाटते, जुने डाग तसेच. पहिल्या दिवशी मला वाटलं चुना फुकट गेला, म्हणून मी पिंपातला दाट चुना घेऊन तीन हात जागा लिंपली. आबा काही बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत पातळ चुन्याची सगळी भिंत हळूहळू पांढरी होत आली, जणू कुणी आतून दिवा मोठा करत होतं. दाट लिंपलेल्या जागेला मात्र दोन दिवसांत भेगा पडल्या, ती खरवडून परत करावी लागली. तेव्हा पातळ चुन्याचे तीन हात, म्हणजे थर, दोन हातांमध्ये एक दिवस, आणि भर उन्हात नाही, सकाळी किंवा चार वाजल्यानंतर. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे भिंतीवर तुम्ही दगडाचाच पातळ थर चढवत असता. मला यातलं हे फार आवडतं.

दरवर्षीची कटकट म्हणाल, तर हो, दर एक-दोन वर्षांनी एक हात द्यावा लागतो. पण गणपतीआधी घर सारवायचं, चुना लावायचा हे आपल्याकडे कधी कटकट नव्हतंच. चार माणसं आली, दोन दिवसांत झालं. त्या निमित्ताने कौलं बघून होतात, वाळवी दिसते, कुठे भेग आहे कळतं. दहा वर्षं बघायला नको म्हणून रंगवलेल्या घराकडे खरोखर दहा वर्षं कुणी बघत नाही.

अंगणाकडेही लक्ष द्या. हल्ली खळ्यात जोत्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक घालतात. पागोळ्यांचं पाणी त्यावर आपटून थेट भिंतीवर उडतं, आणि जमिनीत मुरायला जागा नसल्याने जोत्याकडे वळतं. आम्ही जोत्यालगतचे दोन फूट ब्लॉक काढून तिथे खडी आणि बाहेर उतार केला. भिंतीला टेकलेल्या कुंड्या आणि वर चढवलेले वेल लांब नेले, अबोली आता कुंपणाशी आहे. पावसाच्या बाजूला माडाच्या झावळ्यांची झापं बांधतो, पूर्वीसारखीच. एवढ्याने पहिल्याच वर्षी माजघराची ओल निम्म्याने कमी झाली.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये आधीच ॲक्रिलिक रंग असेल तर त्यावर चुना धरणार नाही, तिथे हे करू नका. माझं म्हणणं जुन्या दगड-मातीच्या घरांपुरतं आहे. तुमचं घर तसं असेल तर रंगाचं कार्ड हातात घ्यायच्या आधी गावातल्या एखाद्या जुन्या गवंड्याला भिंत दाखवा. असे गवंडी आता थोडे उरलेत.

मैत्रिणीचं काम थांबलंय. येत्या शनिवारी तिच्या घरी चाललेय, कुंचा आणि चष्मा घेऊन. आमच्या घराची पडवीची भिंत यंदा राहिलीय, ती चुलतभावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने स्वतःसाठी राखून ठेवलीय. तिला तिथे गेरूचा पट्टा हवा आहे, तिच्या खांद्याइतक्या उंचीवर.