चावऱ्या पक्ष्याला ‘वठणीवर आणणारे’ सल्ले

पक्षी पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला सतत फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच राहतो. पक्षी चावतो कारण तो स्वतःला घरचा मालक समजायला लागलेला असतो, तेव्हा त्याला त्याची जागा दाखवा. चोचीवर टिचकी मारा, खांद्यावर बसू देऊ नका, पंख कापा, म्हणजे उडायची पिसं छाटा, आणि तरीही ऐकत नसेल तर दाणा बंद करा. कॉकटेल (कॉकाटील) असो, बजरीगर असो की लव्हबर्ड, या सगळ्या छोट्या पाळीव पोपटांना हेच औषध. माझं म्हणणं असं की हे उपाय चावणं थांबवत नाहीत, उलट वाढवतात. कसं ते एकेक मुद्दा घेऊन सांगते.

पहिला मुद्दा मालकीचा. पोपटवर्गातले पक्षी थव्यात राहतात आणि थव्यात भांडणंही होतात. बसायच्या जागेवरून, ढोलीवरून, जोडीदारावरून कुरबुरी चालूच असतात. पण सगळ्या थव्यावर हुकमत गाजवणारा कुणी म्होरक्या त्यात नसतो. त्यामुळे उंचावर बसलेला पक्षी स्वतःला तुमच्यापेक्षा मोठा समजतो, या म्हणण्याला काही आधार नाही. उंचावर त्याला सुरक्षित वाटतं, एवढंच. चावऱ्या पक्ष्याला खांद्यावर घेऊ नये हे मात्र खरं. तिथून त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही आणि आपला डोळा, कान त्याच्या चोचीपासून वीतभरावर असतात.

आता टिचकी. चोच म्हणजे नुसतं नख नव्हे. आत हाड, वर कठीण आवरण आणि आतून मज्जातंतू असतात. पोपटांच्या चोचीचं टोक तर स्पर्शाला फार संवेदनशील असतं. चढताना ते चोचीचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करतात, आणि नव्या जागी पाय ठेवण्याआधी ती जागा भक्कम आहे का हे चोचीनेच चाचपून पाहतात. तुम्ही बोट पुढे करता, पक्षी वाकून चोच टेकवतो. नवशिक्या माणसाला वाटतं, चावला! तो हात झटकन मागे घेतो आणि पक्ष्याचा तोल जातो. पुढच्या वेळी तेच बोट तो जास्त घट्ट धरणार, कारण ते हलतं हे त्याला कळलेलं असतं. वर टिचकी बसली की हात म्हणजे दुखणं, हे पक्कं होतं. तोंडावर फुंकर मारणं किंवा पक्षी बसलेला हात जोरात हलवणं यांचाही परिणाम वेगळा होत नाही.

खरं तर चावण्याआधी पक्षी बरंच काही सांगत असतो. कॉकटेल तुरा मागे डोक्याला चिकटवतो, अंग मागे नेतो, चोच किंचित उघडून फुस्स करतो. बजरीगर घाबरला की पिसं अंगाला चिकटवून एकदम बारीक दिसायला लागतो. ॲमेझॉन पोपट चिडला की त्याची बुबुळं झरझर लहानमोठी होतात, शेपटी पंख्यासारखी पसरते. कितीतरी घरांत हे असं घडतं: दाण्याची वाटी बदलायला मुलाचा हात वरून पिंजऱ्यात येतो. कॉकटेल दांडीवरून सरकत कोपऱ्यात जातो. फुस्स करतो. मुलाला गंमत वाटते, म्हणून हात आणखी पुढे जातो. मग कडकडून चावा, आणि हात बाहेर. पक्षी यातून काय शिकला? सरकून उपयोग नाही, फुस्स करून उपयोग नाही, चावलं की मात्र हात जातो. असं चार-सहा वेळा झालं की तो आधीच्या सगळ्या पायऱ्या सोडून देतो. मग ‘आमचा पक्षी काही कारण नसताना चावतो’ अशी तक्रार येते.

याच्या उलट टोकाचाही सल्ला मिळतो: चावला तरी हात हलवू नका, सहन करा. हात झटकू नये, ओरडू नये हे बरोबर आहे. पण सहन करत राहण्याने पक्ष्याची भीती कमी होत नाही. चावलाच तर त्याला शांतपणे जवळच्या दांडीवर उतरवा आणि मिनिटभर आधी काय झालं होतं ते आठवा. हात वरून आला होता का? तो खात होता का? समोर अनोळखी कुणी होतं का? उत्तर बहुतेक तिथेच सापडतं. दुसऱ्या दिवसापासून ती गोष्ट बदलायची.

पंख कापण्याबद्दल. नकोशी गोष्ट समोर आली की उडून जाणं हा पक्ष्याचा पहिला बचाव. तो काढून घेतला की उरते फक्त चोच. फिरता पंखा आणि उघडी खिडकी हे धोके आपल्या घरांत खरेच आहेत, पण त्यावर उपाय पंखा बंद करणं आणि खिडकीला जाळी लावणं हा आहे.

दाणा बंद करण्याचा सल्ला सगळ्यांत घातक. बजरीगरचं वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम. इतक्या लहान जिवाच्या अंगात साठा फारसा नसतो, दिवसभराची उपासमारही त्याच्या जिवावर बेतू शकते. वाटी भरलेलीच ठेवा. फक्त त्याचा सगळ्यांत आवडता खाऊ, बहुतेकांच्या बाबतीत राळ्याचं कणीस, वाटीत न टाकता हातूनच द्या. आधी पिंजऱ्याच्या गजांतून. मग एक बारीक काडी दाखवा, तिच्या टोकाला चोच लावली की लगेच दाणा. काडीमागे चालायला लागला की तिच्याच मदतीने बोटावर बोलवा. एका वेळी चार-पाच मिनिटं पुरेत. अंग मागे नेताना दिसला की तिथेच थांबा.

आणि या सल्ल्यांत ज्याचा उल्लेखच नसतो, ते शरीर. पिसं गळून नवी येतात तेव्हा त्यांच्या कोंबांत रक्त असतं, तिथे बोट लागलं तर दुखतं. विणीच्या काळात लव्हबर्डची मादी कागद कुरतडून पिसांत खोचते, सोफ्यामागचा अंधारा कोपरा धरते आणि तिकडे येणाऱ्या कुणालाही चावते. खोकी, अंधाऱ्या जागा बंद करा. पाठीवरून, पंखांखालून कुरवाळू नका, पक्ष्याच्या लेखी ते जोडीदाराचं वागणं असतं. मानेवर, डोक्यावर खाजवलेलं चालतं. हॉलमध्ये रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालू असेल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवा, त्याला १०-१२ तास शांत झोपेची गरज असते. आणि माणसाळलेला पक्षी एकाएकी चावायला लागला, पिसं फुगवून बसू लागला, तर शिकवणं बाजूला ठेवून आधी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. पक्षी आजार लपवतात. नेताना छातीवर दाब देऊ नका. त्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू, नसतं, छाती हलली नाही तर श्वासच घेता येत नाही.

हे सगळं परदेशी जातींबद्दल. हिरवा मिठू, म्हणजे आपला रानातला पोपट, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तो चावतो म्हणून त्याला शिकवायला बसू नका, आणि वैतागून खिडकीतून सोडूनही देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर तग धरेलच असं नाही. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.