भेटूया की एकदा!

कॉलेज सुटून पाच-सहा वर्षं झाली की माणसाला मित्रांची आठवण यायला लागते. चांगली गोष्ट आहे. पण मैत्री टिकवायची म्हणजे काही पथ्यं पाळावी लागतात आणि ती कॉलेजात कुणी शिकवत नाही. मी बेळगावातच राहिलो. शहापुरात वडिलांचं दुकान आहे, ते बघतो. त्यामुळे आमची बॅच संपर्कात कशी राहते, याचा अभ्यास गल्ल्यावर बसल्या बसल्या झाला. गेल्या महिन्यात तो पुरा झाला. तेव्हा घ्या, फुकट आहे.

आधी ग्रुप काढा. नाव 'लास्ट बेंच' असंच ठेवा, भले त्यात सगळे पहिल्या बाकावरचे असोत. मग लगेच तो म्यूट करा.

वाढदिवस चुकवू नका. एकानं केकचं चित्र टाकलं की तेच उचलून खाली टाकायचं. आमच्यातल्या एकाला सलग दोन वर्षं भलत्याच्याच नावानं शुभेच्छा गेल्या. त्यानं दोन्ही वेळा थँक्यू म्हटलं.

लग्नाची पत्रिका पीडीएफमध्ये पाठवा, तीही लग्नाच्या आदल्या रात्री.

वर्षातून एक दिवस भांडण पाहिजेच. त्यासाठी 1 नोव्हेंबर राखीव आहे. 1956 साली त्या दिवशी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी सहाला ग्रुपवर कन्नड राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा पडतो, सव्वासहाला मराठी काळ्या दिनाचा काळा. पुढचं दिवसभराचं इथं लिहिण्यासारखं नाही. फक्त भांडणारा माणूस लांबचा पाहिजे. आमच्यात मराठीची बाजू दुबईहून लढवली जाते आणि कन्नडची बेंगळुरूहून. इथं उरलेला मी सकाळी काळ्या दिनाच्या सायकल फेरीला जाऊन येतो, बैलहोंगलचा आमचा एकजण गळ्यात लाल-पिवळा गमछा घालून चन्नम्मा सर्कलला जाऊन येतो, आणि संध्याकाळी आम्ही दोघं चहा पीत ग्रुपमधून कुणाला काढायचं ते ठरवतो. आजपर्यंत कुणालाच काढलेलं नाही.

आता महत्त्वाचं. गावात राहिलेल्या मित्राला कधीही विसरू नका. तो फार उपयोगाचा असतो. फोन लावल्या लावल्या म्हणायचं, 'काय मर्दा, विसरलास की आम्हाला!' म्हणजे विसरल्याचा आळ आधीच त्याच्यावर. मग आई-बाबा कसे आहेत, पाऊस कसा आहे, दोन मिनिटं. मग हळूच, 'एक छोटंसं काम होतं रे.' काम छोटंच असतं. पाचव्या सेमिस्टरचं मार्क्स कार्ड हरवलंय, दुसरं काढायचंय. त्याला अर्ज, अर्जाला अधिकारपत्र, अधिकारपत्राला सही, आणि फोटो काढून पाठवलेल्या सहीचं शेपूट कापलेलं. फॉर्म कन्नडमध्ये, तोही मीच भरायचा, कारण 'तुला येतं की, मी आता विसरलो.' पहिलीपासून डिग्रीपर्यंत कर्नाटकात शिकलेला माणूस पुण्यात तीन वर्षांत कन्नड विसरतो! शेवटी कुरियर. 'किती झाले सांग, लगेच पाठवतो.' सांगू नका. आकडा सांगितला की तिथून पुढं संपर्क तुटतो.

कुंदा, म्हणजे आमची बेळगावची दुधाची मिठाई, मागताना 'जास्त नको, दोनच किलो' म्हणावं.

आता गेट-टुगेदर. जूनमध्ये रात्री साडेअकराला पुण्याच्या एकानं टाकलं, 'भेटूया की रे एकदा!' हा माणूस तोवर आठ महिने ग्रुपवर दिसलेला नव्हता. पण वाक्य असं पडलं की सगळे जागे झाले. ग्रुपमध्ये एकसष्ट जण. पोल काढला, 'नक्की'वर अडतीस मतं. जागेवर तीन आठवडे खल. गोवा झालं, आंबोली झाली, दांडेली झाली, शेवटी राजहंसगड ठरला. तेवढ्यात पाऊस लागला. मग हॉल बघायचा ठरला. कुणी बघायचा? 'तू तिथंच आहेस की.' बघितला. टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटापासून जवळ, तीन हजार रुपये. आचारी ठरवला, मसालेभात, पुरी, भाजी, कुंदा, ताटाला अडीचशे. अडतीस म्हणतायत तर आठ गळतील असं धरून तीस ताटं सांगितली. शहाणपणा केला असं तेव्हा वाटलं होतं.

पूर्वी लोक 'गाडी मिळाली नाही' म्हणायचे. आता तीही सोय गेली. वंदे भारत पुण्याहून 2024 पासून येते आणि बेंगळुरूहून 2025 पासून. त्यामुळे कारणं नवी काढावी लागली. शनिवारी रात्री नऊ जणांच्या मुलांना एकदम ताप आला. त्यातल्या दोघांची लग्नं व्हायची आहेत. सहा जणांना बॉसनं बोलावलं, रविवारी. बाकीच्यांनी काहीच कळवलं नाही. ते प्रामाणिक म्हणायचे. अनगोळचा एकजण, हॉलपासून दोन किलोमीटरवर राहणारा, त्यानं साडेबाराला मेसेज टाकला, 'गेट पडलंय, आलोच.' ते गेट अजून पडलेलंच असावं.

आलो पाच जण, मला धरून. बैलहोंगलवाला आला. त्यानं पोलवर मत दिलेलंच नव्हतं.

आचारी पातेल्याशेजारी बसून होता. झाकण उचलायचा, भात बघायचा, परत ठेवायचा. दीड वाजता त्यानं विचारलं, "मालक, अजून येणार आहेत काय?" मी काय सांगणार? म्हटलं, "गेट पडलंय."

आणि तेवढ्यात स्टेटस आला. चोर्ला घाट, धुकं, गाडीच्या काचेवर पाऊस, आत चौघं हसतायत. त्यातले दोघे आमचे, एक तर तोच, 'भेटूया की रे एकदा'वाला. खाली लिहिलेलं, 'फ्रेंड्स फॉर लाइफ.' आणि डॅशबोर्डवर कुंद्याचा डबा! डबा मी ओळखला. आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान आहे. म्हणजे बघा, पुण्याहून निघाले, निपाणी, संकेश्वर करत काकतीवरून गावात शिरले, कुंद्यासाठी गाडी थांबवली, सुटे पैसे मोजून घेतले आणि जांबोटीच्या रस्त्याला लागले. हॉल तिथनं दहा मिनिटं. दहा! वर उभ्यानं पुरी खाऊन गेला असतास तरी तुझा गोवा पळून जात नव्हता.

राजहंसगडावरच्या महाराजांच्या पुतळ्याचं मार्च 2023 मध्ये आठवड्याभरात दोनदा अनावरण झालं, दोन पक्षांनी दोनदा. आमच्या बॅचला सहा वर्षांत एकदा जमता येईना.

संध्याकाळी मी पाच जणांचा फोटो टाकला. खाली बदाम पडले, 'मिस्ड इट यार' पडलं, 'पुढच्या वेळी नक्की' पडलं. एकानं लिहिलं, 'किती बारीक झालायस रे!' भात एका हॉस्टेलच्या पोरांना दिला. त्यांनी पातेलं पुसून परत केलं, आणि ती पोरंच तेवढी त्या दिवशी मनापासून जेवली.

साडेदहा हजार झाले. चौघांनी पाचपाचशे दिले, उरलेले साडेआठ माझे. पैशांचं दुःख नाही असं लिहिणार होतो. का लिहू? आहे दुःख. साडेआठ हजार म्हणजे दुकानात काय असतं ते मला माहीत आहे.

आणि आता उपदेश वगैरे पुरे. फेब्रुवारीत बाबांना रात्री दवाखान्यात हलवलं. मी ग्रुपवर एका ओळीत कळवलं. चव्वेचाळीस जणांनी हात जोडले. एकानं घाईत श्रद्धांजली वाहिली. बाबा जिवंत होते. अजून आहेत, रोज सकाळी नऊला दुकान तेच उघडतात. त्या रात्री एकही फोन आला नाही. बैलहोंगलहून मोटारसायकलवर एकजण आला, पावणेबाराला. हेल्मेट काढायच्या आधी विचारलं, 'ऊटा आयता?' जेवलास काय. मी नाही म्हटलं तर कुठून तरी इडल्या घेऊन आला. सकाळी सहाला गेला. त्यानं ग्रुपवर हात जोडले नव्हते, त्याला बहुतेक ते चिन्ह सापडत नाही.

अरे, येणार नसाल तर नाही म्हणा की! नाही म्हणायला जीभ झडते काय तुमची? कोण बांधून आणणार होतं तुम्हाला? कामं आहेत, पोरंबाळं आहेत, हप्ते आहेत, कळतं आम्हाला. आम्हालाही आहेत. पण 'नक्की'वर बोट दाबताना समोर कुणीतरी ताटं मोजतोय, एवढं तरी डोक्यात येऊ दे. गावात राहिलो म्हणजे आम्ही रिकामे बसलो नाही आणि तुमचे शिपाईही झालो नाही. गणपतीला घरी येता, अकरा दिवस राहता, विसर्जनाला कपिलेश्वर तलावावर पहाटेपर्यंत नाचता, आणि परत गेल्यावर मेसेज टाकता, 'अरे, भेट राहिलीच!' राहिली कशी? मी तिथंच होतो, शहापुरात, शटर उघडं टाकून.

आणि ज्या दोघांची मार्क्स कार्डं मी जुलैत काढून आणली, ती पाकिटं गल्ल्याखालच्या खणात आहेत. कुरियर करणार नाही. पणजीला जाता-येता गाडी थांबते ना कुंद्याला? त्याच रस्त्यावरून दोन गल्ल्या आत या, घेऊन जा. रविवारी दुपारी दोननंतर दुकान बंद असतं.