नागपूर-पुणे विमान चाळीस मिनिटांत पोहोचत नाही

नागपूरहून आत्याचा फोन आला : "सकाळी आठचं विमान आहे, पावणेनऊला पुण्यात उतरते. हिंजवडीच्या डॉक्टरांची दहाची वेळ घेऊन ठेव." हे पावणेनऊ कुठून आलं? ग्रुपग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजमधून. त्यात म्हटलंय : अंतर 600 किमी, वेग ताशी 900, म्हणजे 40 मिनिटं. पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून नागपूरहून निघालं की पुणंच विमानाकडे सरकतं. कंपन्या तिकिटावर दीड तास छापून फसवतात. तेव्हा विमानतळावर आरामात जा.

अंतर ठीक आहे. विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत साधारण 605 किमी भरतं. वेग मात्र चुकीचा. या मार्गासारखं एअरबस ए320 जातीचं विमान पूर्ण उंचीवर पोहोचल्यावर ताशी 830 किमीच्या आसपास उडतं, आणि तेही मधल्या टप्प्यातच. दहा हजार फुटांखाली सर्वसाधारणपणे 250 नॉटची, म्हणजे ताशी 463 किमीची मर्यादा पाळावी लागते. पूर्ण उंची गाठेपर्यंत दोनेकशे किलोमीटर सरतात आणि उतरण्याची सुरुवातही तेवढ्याच अंतरावरून करावी लागते. पूर्ण वेगाने उडायला उरतो जेमतेम तिसरा हिस्सा.

आता पृथ्वीचं. हे शिकलेली माणसं पुढे पाठवतात याचा मला खरंच संताप येतो. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1570 किमी वेगाने पूर्वेकडे जाते. हवा तिच्यासोबत फिरली नसती, तर पुण्याहून नागपूरला निघालेलं 830 च्या वेगाचं विमान नागपूर कधीच गाठू शकलं नसतं. रोज गाठतं, कारण जमीन, हवा आणि विमान सगळे एकत्रच फिरतात. फरक पडतो तो वाऱ्याने. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून येतात, म्हणजे नागपूरहून पुण्याला येताना ते समोरून लागतात आणि उलट उशीर होतो. पावसाळ्यात त्या उंचीवर वारे पूर्वेकडून वाहू लागतात. पृथ्वी काही जूनमध्ये दिशा बदलत नाही.

तिकिटावरच्या वेळेत थोडी सैल मिनिटं धरलेली असतात, हे मान्य. वेळेवर पोहोचल्याची टक्केवारी सगळ्यांनाच हवी असते. पण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात येतं. पुण्यात तर धावपट्टी हवाई दलाची. याला ब्लॉक टाइम म्हणतात आणि तो कंपन्यांनी काढलेला शब्द नाही. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, प्रवासी नियमांतच आहे : ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल आणि उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वेळेवर आलेल्या प्रवाशाला खाणंपिणं द्यायचं. सव्वा ते दीड तास ही या मार्गाची सरळ, प्रामाणिक वेळ आहे.

जास्त मिनिटं उडवून जास्त पैसे काढतात, असंही कुणी जोडलंय. इंधनाचा खर्च कंपनीचाच असतो, एवढं पुरे.

सगळ्यात घातक आहे तो "आरामात जा" हा सल्ला. वेळ सैल असते ती उतरण्याची. सुटण्याची नाही. देशांतर्गत विमानांचे काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतात, गेट साधारण 25 मिनिटं आधी. आठचं विमान असेल तर सातनंतर आलेली बॅग कुणी घेत नाही, घरून वेब चेक-इन केलेलं असलं तरी.