युनिव्हर्सल कॅरियरच्या गंजकामाबद्दलच्या तक्रारीला वर्कशॉपचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या युनिव्हर्सल कॅरियरच्या (दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, लोखंडी पट्ट्यांवर चालणाऱ्या हलक्या चिलखती लष्करी गाडीच्या) कामाबद्दल आपण अभिप्रायात एकच तारा दिला आहे. बिल अंदाजापेक्षा वाढले, लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) भरून भागले असते तरी आम्ही तळाचा पत्रा कापला, चिलखती पत्र्यावरचे खड्डे मात्र तसेच ठेवले आणि गाडी घरी नेताच पट्ट्यांवर पुन्हा गंज दिसला, असे आपले म्हणणे आहे. आपली नाराजी समजू शकतो. तरीही केलेल्या कामाची कारणे इथे मांडणे आवश्यक वाटते.

गाडी आली तेव्हा तळावर डांबराचा जाड थर होता आणि वरून सगळे शाबूत दिसत होते. हातोडीने ठोकल्यावर चालकाच्या पायाखालचा भाग बद्द वाजला, आणि थर खरवडताच पत्र्याचे पापुद्रे हातात आले. लांबी रंगाखालचा खळगा बुजवते, वजन पेलत नाही. आपल्याला तर गाडी संचलनात चालवायची होती.

बिल वाढले ते मुख्यतः सांध्यांमुळे. या गाडीचे पत्रे रिव्हेट आणि बोल्टने जोडलेले असतात. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी मुरले की तिथे धरणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, पाचरीसारखा पत्रे फाकवतो आणि शेवटी रिव्हेटची डोकी उडवतो. बाहेरून कितीही ब्लास्टिंग (दाबाने वाळूसारख्या कणांचा मारा) केले तरी हा गंज निघत नाही, त्यामुळे रिव्हेट ड्रिलने काढून सांधे उघडावे लागले. आतले नुकसान उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणूनच खर्च वाढू शकतो ही अट अंदाजपत्रकात होती आणि कापण्यापूर्वी फोटो पाठवून आपली संमतीही घेतली होती.

चिलखती पत्र्याची गोष्ट वेगळी आहे. तो साधारण 7 ते 10 मिलिमीटर जाडीचा, कठीण पोलादाचा असतो. आपल्या गाडीवरचे खड्डे उथळ आहेत, त्यांनी मजबुतीला धक्का लागलेला नाही. ते वेल्डिंगने भरायचे तर उष्णतेने पोलादाचा कठीणपणा बिघडतो. शिवाय आधी पत्रा तापवला नाही किंवा वेल्डिंगच्या रॉडमध्ये ओल राहिली, तर वेल्डच्या कडेला तडे जातात आणि ते कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. केवळ दिसण्यासाठी हा धोका पत्करणे आम्हाला पटले नाही. (लांबी लावून मोटारीसारखी गुळगुळीत केलेली लष्करी गाडी मला बघवत नाही, हे माझे वैयक्तिक मत.)

पट्ट्यांना आम्ही मुद्दामच रंग दिला नाही. मुरमावर पहिल्याच फेरीत तो घासून जातो, आणि पट्ट्याच्या सांध्यांत साचला तर कड्या जोडणाऱ्या पिना जखडतात. ही गाडी हलके वळण घेताना पुढची चाके आडवी सरकवून पट्टाच वाकवते, तेव्हा प्रत्येक कडी मोकळी फिरणे गरजेचे असते. आपल्याला दिसला तो वरवरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशने निघतो. त्यावर पातळ तेलाचा हात फिरवावा, पण सांध्यांत ग्रीस भरू नये, कारण त्यात माती धरून पिना झिजतात.

कापलेले जुने पत्रे आणि काढलेले रिव्हेट आमच्याकडे ठेवलेले आहेत; ते आपण केव्हाही येऊन पाहावेत किंवा घेऊन जावेत. पावसाळ्यापूर्वी तळाची निचऱ्याची भोके मोकळी आहेत का, एवढे मात्र अवश्य बघावे.