गोपनीय अभिप्राय, सहीसकट

मंगळवारी मला माझंच मत दुरुस्त करून आणायला सांगितलं. मी म्हटलं, मत आहे हो ते, रेशन कार्ड नाही. म्हणजे मनात म्हटलं. तोपर्यंत खिडकीतल्या बाईंनी माझा फॉर्म परत सरकवून मागच्या पोराला "हां, बोल" केलं होतं.

कॉलेज सांगलीतलं, विद्यापीठ सरकारी आणि अवाढव्य. दोघांचीही नावं सांगत नाही, माझी शेवटच्या सत्राची मार्कशीट अजून त्यांच्याच ताब्यात आहे. मी एम.ए. अर्थशास्त्राची. तासगावहून एसटीनं येते. त्या दिवशी पास संपला होता, म्हणून बायकांच्या अर्ध्या तिकिटावर आले होते, फक्त हॉल तिकीट न्यायला. तर हॉल तिकिटाच्या आधी हा फॉर्म.

नॅकची माणसं यायची आहेत. कॉलेजांना श्रेणी देणारी बेंगळुरूची ती संस्था. विद्यार्थी खूश आहेत का, हे पाहायला त्यांचा एक सर्व्हे असतो. 21 प्रश्न, पहिल्या 20 प्रश्नांना 4 ते 0 गुण आणि शेवटी तीन सूचना. खरा सर्व्हे ईमेलवर येतो. तो आल्यावर पोरं काय भरतील याचा नेम नाही, म्हणून कॉलेजनं तेच प्रश्न मराठी करून, झेरॉक्स मारून रंगीत तालीम ठेवली. फॉर्मवर ठळक अक्षरात: 'आपला अभिप्राय पूर्णपणे गोपनीय राहील.' त्याखाली नाव, रोल नंबर, मोबाइल नंबर आणि सही.

माझा गुन्हा पहिल्याच प्रश्नात. 'वर्गात किती अभ्यासक्रम पूर्ण झाला?' 85 ते 100 टक्के म्हणजे 4 गुण, मग उतरत उतरत 30 टक्क्यांच्या खाली म्हणजे 0. आमच्या विभागप्रमुखांचा पेपर चार युनिटांचा. सत्रभरात सर अकरा वेळा वर्गात आले (वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्यात), त्यात दीड युनिट झालं. दीड भागिले चार. मी 30 ते 54 वर खूण केली. म्हणजे 1 गुण. पुढं 'शिक्षकांची शिकवण्याची पद्धत' ह्याला चांगली, 2 गुण. दोन म्हणजे मी मन मोठं केलं होतं.

सर आळशी आहेत असं नाही, हेही सांगते. सर फार कामात असतात. नॅकचे सात निकष असतात, त्यातला दुसरा अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन, आणि त्या निकषाच्या फायलीचे समन्वयक आमचे सर. कॉलेजात अध्यापन उत्तम चालतं याची फाईल करण्यात अध्यापनाला वेळ मिळत नाही. येतात तेव्हा नोट्स सांगतात. कागद पिवळे, कडा कुरतडलेल्या. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, सरांचं घर गावभागात. तरी सर अभिमानानं सांगतात की बोटीत बसताना आधी नोट्सची पिशवी दिली, मग मिसेसना बसवलं. त्या वाचलेल्या नोट्सांत बारावी पंचवार्षिक योजना अजून 'चालू' आहे आणि नियोजन आयोग ठणठणीत. मी एकदा म्हटलं, सर, 2015 पासून त्याच्या जागी नीती आयोग आहे ना? सर चष्म्यावरून बघून म्हणाले, "परीक्षेत काय विचारतात?" त्यावर्षी परीक्षेत नियोजन आयोगच विचारला. पेपर कुणी काढला असेल, तुम्हीच ओळखा.

असो. तर फॉर्म हातात घेऊन मी खिडकीजवळ उभी, आणि शेजारी स्टुलावर मामा. आमचे शिपाईमामा रिटायरमेंटला आलेत. मांडीवर भडंगाची पुडी, त्यातले शेंगदाणे आधी वेचून खायचे, मग चिरमुरे, अशी शिस्त.

"काय गं, फॉर्म फिरला व्हय?"

"एक आणि दोन लिहिलंय म्हणून."

"दोन?" मामांनी पुडीचं तोंड मुडपलं. "अगं पोरी, दोन म्हंजे पावणा आल्यावर अर्धा कप च्या दिल्यागत. एक तर भरून दे, न्हाईतर घरात कुणी न्हाई म्हणून दारातनं लावून दे."

"मग शून्य देऊ?"

"दे की. हॉल तिकीट दिवाळीला ने."

"मामा, खरं लिहा म्हणून वर छापलंय."

"ते छापणाऱ्याला वाटतंय. त्येला कुठं हितं बसायचंय?" आणि मग आवाज खाली आणून, "पर सगळीकडं चारबी मारू नको. मागच्या खेपंला बीकॉमच्या पोरांनी चारच्या चार ठोकल्या. सायेब म्हणले, हे खरं वाटत न्हाई. मग संध्याकाळी मीच बसलो गठ्ठा घिऊन. दर सातव्या फॉर्मला एक तीन. एकदा निळा पेन, एकदा काळा."

"तुम्ही? आमची मतं?"

"मग कोण? तुमी गेलासा की गावाला, सुट्टी लागली म्हणून."

मी थक्क. रागही आला आणि सातव्याला तीन ह्या हिशेबाचं कौतुकही वाटलं. एवढा विचार आमच्या पेपरच्या गुणदानात कुणी करत असेल असं वाटत नाही. म्हटलं विचारूनच बघू, "मामा, तुमच्या मते चांगलं कोण शिकवतं?"

मामांनी जरासुद्धा वेळ घेतला नाही. "तुमचं सायेब. एक नंबर माणूस. चार वर्सं झाली, त्यांच्या तासानंतर फळा पुसलेला न्हाई मी. सकाळी जसा ठिवतो, तसाच सापडतोय."

"आणि मॅडम?"

"त्या तासावरच्या बाई?" मामांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं. "लई ताप. ह्या टोकापासनं त्या टोकापतूर लिवत्यात. जागा सरली की टाचा वर करून पार कोपऱ्यात. पुसून पुसून खांदा धरलाय माझा. आन् खडू? सगळ्या विभागाला पेटी महिनाभर जाती, ह्या बाई आल्यापासनं पंधरा दिसांत खल्लास. रजिस्टरला सही मला करायला लागती. हेडक्लार्क इचारतोय, खडू खाता काय?"

मी हसले, पण मग हसू गेलं. कारण मॅडमचं मूल्यमापन एवढं अचूक कुणीच केलेलं नाही, आणि त्यात त्या नापास.

मॅडम प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झालेल्या, पीएचडी झालेल्या, आणि तासिका तत्त्वावर. सकाळी मिरजेत एका कॉलेजात, दुपारी आमच्याकडं. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर नाही. आणि घेतलेल्या तासांचे पैसे कधी मिळतात ते विचारलं की त्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागतात. त्यांनी लवचिकता, म्हणजे भाव हलला की विकायला येणारा माल किती हलतो ते, शिकवायला तासगाव घेतलं. फळ्याच्या डावीकडं द्राक्ष, उजवीकडं बेदाणा. तोडलेलं द्राक्ष थांबत नाही, म्हणून त्याचा पुरवठा अलवचिक, रेघ जवळजवळ सरळ उभी. भाव पडला तरी विकायचंच. तेच द्राक्ष वाळवून शीतगृहात ठेवलं की विकणारा थांबू शकतो, रेघ आडवी कलते. मग विचारलं, "पण किती दिवस थांबेल? भाडं कोण भरतं?" आणि रेघेवर खडूनं टकटक करत माझ्याकडं पाहिलं. शीतगृहाचं भाडं आमचे पप्पा भरतात. दरवर्षी आधी थांबतात आणि मग भावाला शिव्या देत विकतात. घरी जाऊन मी त्यांना ती रेघ काढून दाखवली. ते म्हणाले, "हे मास्तर कुठं भेटलं तुला?"

त्या मॅडमना चार द्यायला मी फॉर्म उलटून पालटून बघितला. तशी सोयच नाही. प्रश्न सगळे 'शिक्षक' असे घाऊक. मॅडमचे चार आणि सरांचा एक, मिळून सरासरी अडीच, आणि ते अडीच पडणार सरांच्या निकषाच्या फायलीत. मागच्या पानावर विभागातल्या शिक्षकांची यादी होती. तिच्यात मॅडमचं नाव नव्हतं. खिडकीतल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "त्या फुल टाइम नाहीत." आम्ही शिकलो ते पार्ट टाइम म्हणायचं का?

पण साडेतीनची गाडी होती, आणि ती चुकली की पुढची भरून येते. मी पहिल्या प्रश्नावर 85 ते 100 वर खूण केली. सरांच्या दीड युनिटाला एका रेघेत चार युनिटं केली. 'एलसीडी प्रोजेक्टर किती शिक्षक वापरतात' ह्याला 90 टक्क्यांच्या वर. आमच्या वर्गातला प्रोजेक्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, पिशवी कपाटात, आणि किल्ली घेऊन एक सर रिफ्रेशर कोर्सला गेलेत. खोटं लिहिताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तिसऱ्या प्रश्नानंतर हात बसतो. मामांच्या सल्ल्यानं एके ठिकाणी तीन केला.

शेवटी सूचना. पहिली लिहिली, 'खडू जास्त द्यावेत.' दुसरी, 'तासिका तत्त्वावरील शिक्षकांची नावं यादीत घालावीत.' फॉर्म मामांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा चढवून सावकाश वाचला.

"खडू कशाला गं आणि?"

"असू द्या मामा."

"माझा खांदा हाय इकडं." जरा थांबून, "तिसरी कुठाय? बाई बिनसूचनेचा घेत न्हाईत."

"सुचत नाही."

"आण पेन." मामांनी फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि जीभ दातात धरून माझ्या सहीच्या वर लिहिलं, 'शिपायास स्टुलाऐवजी पाठ असलेली खुर्ची मिळावी.'

अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. खिडकीतल्या बाईंनी न वाचता घेतला.